पायलट उतरले, विमान जागेवरच राहिलं

(या भागाची लिखित आवृत्ती. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी.)

आजच्या भागाची सुरुवात माफीने करतो.

काही महिन्यांपूर्वी नीरजा भनोतवर बोलताना मी एक वाक्य सहज टाकून गेलो होतो. "पायलट वरच्या झडपेतून पळून गेले आणि बिचाऱ्या मुली मागे राहिल्या." अशी वाक्यं बोलायला बरी वाटतात. ऐकणाऱ्यालाही कुणावर तरी चिडायला मिळतं. पुढे मी विसरूनही गेलो.

मग मोशीच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पहाटेची वेळ, मागे ट्रकचे हॉर्न, चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघत हा उभा. म्हणाला, "दादा, दोन प्रश्न आहेत. एक, पायलट पळाले तर त्या अतिरेक्यांनी विमान स्वतः का नाही उडवलं? मी मोबाईलवर सिम्युलेटर खेळतो, मला जंबो जेट उतरवता येतं. आणि दुसरा, उद्या आमच्या शेडमध्ये आग लागली आणि सुपरवायझर पहिला बाहेर गेला, तर आम्ही त्याला काय म्हणायचं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला वाटलं अर्ध्या मिनिटात देऊन टाकू. तीन आठवडे वाचत बसलो. आणि वाचता वाचता कळलं की माझं ते टाळ्यांचं वाक्यच चुकलेलं होतं. म्हणून आजचा भाग. हायजॅकरला विमान उडवता येतं का? आणि येत नसेल तर त्याने काय फरक पडतो?

आधी विमान बाजूला ठेवू आणि चाकणच्या शेडमध्ये जाऊ. मी तिथे एका कंपनीत चार वर्षं मशीन शॉपला होतो. नवीन पोरगा येतो, त्याला व्हीएमसी मशीनसमोर उभा करतात. जॉब लाव, दार बंद कर, हिरवं बटण दाब. तिसऱ्या दिवशी त्याला वाटतं, मशीन येते आपल्याला. मलाही वाटलं होतं. एका रात्रपाळीला सेटर जेवायला गेला होता, टूल बदलायची वेळ आली आणि मी शहाणपणा करून ऑफसेट स्वतः टाकला. एक आकडा चुकला. टूल सरळ फिक्स्चरमध्ये घुसलं. तो आवाज मला अजून आठवतो. कुणाला लागलं नाही, नशीब. पण त्या रात्री एक गोष्ट डोक्यात बसली. सगळं नीट चालू असताना मशीन चालवणं वेगळं आणि काही बिनसल्यावर, किंवा शून्यापासून, मशीन उभी करणं वेगळं. हा फरक लक्षात ठेवा. आजच्या सगळ्या गोष्टी त्याच्याभोवती फिरणार आहेत.

आता कराची. 5 सप्टेंबर 1986.

पॅन ॲम कंपनीचं 73 क्रमांकाचं विमान रात्री मुंबईहून निघालं. बोईंग 747, ज्याला आपण जंबो म्हणतो ते. कराची, फ्रँकफर्ट आणि मग न्यूयॉर्क असा मार्ग. पहाटे कराचीला उतरलं. काही प्रवासी उतरले, काही चढत होते. सहाच्या सुमारास विमानतळाच्या सुरक्षारक्षकांसारखे कपडे घातलेले चार बंदूकधारी एका गाडीतून आले आणि गोळ्या झाडत जिना चढून आत घुसले. अबू निदाल संघटनेची माणसं. विमानात प्रवासी आणि कर्मचारी मिळून 380 च्या आसपास लोक.

केबिनमधून हायजॅकचा इशारा कॉकपिटपर्यंत पोचला. 747 चं कॉकपिट वरच्या मजल्यावर असतं, जमिनीपासून जवळपास तीन मजले उंच. त्याच्या छताला आणीबाणीसाठी एक झडप असते आणि तिथे केबल गुंडाळलेल्या रीळी असतात. हँडल धरून बाहेर उडी मारायची, रीळ हळूहळू उलगडते आणि माणूस खाली पोचतो. कॅप्टन, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनियर, तिघेही त्या वाटेने उतरले.

इथे माझं मागचं वाक्य थांबलं होतं. पुढे काय झालं ते मी सांगितलंच नव्हतं.

सनशाइन वेसुवाला नावाची फ्लाइट अटेंडंट होती. एका हायजॅकरने तिला पकडून वर कॉकपिटकडे नेलं. पायलट कुठे आहेत? या मुलाखती खूप वर्षांनी, 2016 मध्ये, प्रसिद्ध झाल्या. त्यात वेसुवाला यांनी सांगितलंय की आत जाताच त्यांना छताची झडप उघडी दिसली. त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. कारण पायलट कदाचित अजून केबलला लटकत असतील, त्या माणसाने वर बघितलं असतं तर गोळ्या घातल्या असत्या. आणि तो माणूस? त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि त्याला काही कळलं नाही. कॉकपिट कसं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. डोक्यावर उघडी झडप, आणि ती त्याला दिसली नाही.

माझ्या मोशीच्या मित्रा, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या एका प्रसंगात आहे. बंदूक आणली, गणवेश आणले, गाडी आणली. पण ज्या खोलीवर सगळा डाव उभा होता ती खोली त्यांना अनोळखी होती. त्यांना सायप्रसला जायचं होतं. त्या काळच्या 747 मध्ये तिघं मिळून विमान चालवायची. इंधन, वीज, हवेचा दाब हे सगळं बघायला फ्लाइट इंजिनियरचं वेगळं पॅनेल, त्यावर काटे आणि खटके भरलेले. आणि विमान उभं होतं, इंजिनं बंद. चार इंजिनं सुरू करायची, धावपट्टीपर्यंत न्यायचं, उडवायचं. म्हणजे शून्यापासून सेटिंग. हिरवं बटण दाबून होण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

मग हा प्रश्न पडतो की फक्त याच चौघांना येत नव्हतं का? तर नाही. विमान अपहरणाच्या इतिहासात बहुतेकांना येत नव्हतं, आणि बहुतेकांना त्याची गरजही वाटली नाही. ते अपहरण करायचे ते पायलटचं. विमान त्याच्याबरोबर आपोआप यायचं.

आपल्या मुंबईशी जोडलेल्याच दोन गोष्टी बघा. 28 सप्टेंबर 1977. जपान एअरलाइन्सचं पॅरिसहून टोकियोला जाणारं विमान मुंबईत थांबलं. मुंबईहून उडाल्यावर जपानी रेड आर्मीच्या माणसांनी ते ताब्यात घेतलं आणि ढाक्याला उतरवायला लावलं. 60 लाख डॉलर आणि तुरुंगातले साथीदार, ही मागणी. जपान सरकारने पैसे दिले, कैदीही सोडले. सगळा वेळ विमान चालवत कोण होतं? त्याच कंपनीचे पायलट.

दुसरी गोष्ट तर सिनेमासारखी आहे. 25 नोव्हेंबर 1981. माइक होअर नावाचा भाडोत्री सैनिकांचा म्होरक्या सेशेल्स बेटांवर सरकार उलथवायला गेला. बिअर पिणाऱ्यांचा क्लब सहलीला आलाय असं सोंग घेऊन. विमानतळावर एकाच्या सामानात बंदूक सापडली आणि डाव फसला. गोळीबार सुरू झाला. त्यात मुंबईकडे येणारं एअर इंडियाचं बोईंग 707 तिथे उतरलं. कॅप्टन होते उमेश सक्सेना. चाळीसहून जास्त सैनिक त्या विमानात चढले आणि विमान मुंबईऐवजी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला गेलं. होअरला पुढे तिकडच्याच कोर्टाने विमान अपहरणासाठी शिक्षा दिली. बघा, अनेक लढाया पाहिलेली, हत्यारबंद माणसं. पण बेटावरून सुटायचं तर शेवटी एका भारतीय कॅप्टनच्या हातांवाचून गत्यंतर नव्हतं.

आणि अगदी अलीकडचं म्हणजे 30 ऑक्टोबर 2017. मुंबईहून दिल्लीला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाच्या टॉयलेटमध्ये धमकीची चिठ्ठी सापडली. विमान अहमदाबादला वळवलं गेलं. या प्रकरणात एका प्रवाशाला नव्या अपहरणविरोधी कायद्याखाली जन्मठेप झाली, पण 2023 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. कोण दोषी, कोण नाही, हा कोर्टाचा भाग. मला त्यातलं एवढंच घ्यायचंय की एक कागदाचा तुकडाही विमानाची दिशा बदलू शकतो. कारण दिशा बदलते ती पायलटच्या निर्णयाने.

तर इतकी वर्षं हिशोब असा होता. हायजॅकरला विमान येत नाही, म्हणून त्याला पायलट जिवंत हवा. त्याला स्वतःलाही बहुधा जिवंत राहायचंय. म्हणून जगभर पायलटना शिकवलं जायचं की वाद घालू नका, सांगतो तिकडे न्या, उतरवा, मग बोलणी करणारे बघतील. 1999 मध्ये आयसी 814 च्या वेळी कॅप्टन देवी शरण यांनी अमृतसरला उतरून वेळ काढायचा प्रयत्न केला तो याच हिशोबात. मालिका तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलीय, त्यामुळे पूर्ण गोष्ट सांगत नाही. फक्त एक आठवा. अमृतसरला इंधन न भरताच विमान पुन्हा उडालं. लाहोरने आधी उतरू दिलं नाही, दिवे बंद केले, आणि अंधारात विमान एका रस्त्यालाच धावपट्टी समजून जवळजवळ उतरणार होतं. शेवटच्या क्षणी ते वर घेतलं. तिथे कॉकपिटमध्ये सीटवर हायजॅकर बसलेला असता तर? त्या रात्री जे लोक वाचले ते पायलटच्या हातामुळे वाचले.

हायजॅकरला काहीच येत नाही, आणि तरी त्याला वाटतं की आपल्याला कळतं, तेव्हा काय होतं? ही गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

23 नोव्हेंबर 1996. इथिओपियन एअरलाइन्सचं 961 क्रमांकाचं विमान, बोईंग 767. अदिस अबाबाहून नैरोबीला निघालेलं. तिघांनी ते ताब्यात घेतलं आणि म्हणाले, ऑस्ट्रेलियाला चल. कॅप्टन होते लेऊल अबाते. त्यांनी सांगितलं, इंधन नैरोबीपुरतं आहे, ऑस्ट्रेलिया शक्यच नाही. हायजॅकरनी काय दाखवलं माहितीये? सीटच्या खिशातलं विमान कंपनीचं मासिक. त्यात छापलं होतं की हे विमान इतके तास उडू शकतं. छापलेलं खरंच होतं. पण टाकी भरलेली असेल तर! आपल्या भाषेत सांगायचं तर बाइकची जाहिरात बघून कुणीतरी म्हणतंय की ही एका टाकीत कोल्हापूरला जाते, आणि टाकीत आहे अर्धा लिटर.

कॅप्टनने शक्य तेवढं किनाऱ्याच्या जवळून न्यायचा प्रयत्न केला. शेवटी कोमोरोस बेटांजवळ इंधन संपलं. दोन्ही इंजिनं बंद. एवढं मोठं विमान नुसतं तरंगत खाली येतंय, आणि त्या शेवटच्या मिनिटांतही एक हायजॅकर कंट्रोलशी खेळत होता. लेऊल यांनी ते विमान समुद्रात, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर उतरवलं. 175 पैकी 125 जण गेले, 50 वाचले. वाचलेल्यांत मुंबईतले तेव्हाचे अमेरिकी महावाणिज्यदूत फ्रँकलिन हडल आणि त्यांच्या पत्नीही होत्या. पन्नास जण तरी वाचले ते का, तर सीटवर शेवटपर्यंत पायलट होता. आणि सव्वाशे गेले ते का, तर ज्यांच्या हातात सत्ता होती त्यांना इंधनाचं गणित कळत नव्हतं आणि ज्याला कळत होतं त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

आता येतो सिम्युलेटरवर. मित्रा, हे तुझ्यासाठी.

23 जुलै 1999. ऑल निप्पॉन एअरवेजचं 61 क्रमांकाचं विमान टोकियोच्या हानेदा विमानतळावरून निघालं. पुन्हा बोईंग 747, आत पाचशेहून जास्त लोक. 28 वर्षांच्या एका तरुणाने चाकू दाखवून कॉकपिट गाठलं. त्याला सिम्युलेटरचा प्रचंड नाद. त्याला खरं विमान चालवायचं होतं, टोकियोच्या रेनबो ब्रिजखालून न्यायचं होतं. त्याने सहवैमानिकाला बाहेर काढलं, कॅप्टन नाओयुकी नागाशिमा यांना चाकूने मारलं आणि कंट्रोल हातात घेतलं. विमान झपाट्याने खाली येऊ लागलं. शहराच्या वर अवघ्या काहीशे मीटरवर. तेवढ्यात सहवैमानिक आणि त्याच विमानातून प्रवास करणारा दुसरा एक पायलट दार फोडून आत शिरले, त्याला ओढून काढलं आणि विमान परत हानेदाला उतरवलं. कॅप्टन नागाशिमा गेले. बाकी सगळे वाचले.

गेममध्ये वारा आपण निवडतो, चुकलं तर रीस्टार्ट असतं. खरं जंबो उतरताना ताशी 250 किलोमीटरच्या पुढे असतं. वेग जरा कमी झाला तर ते पडतं, जरा जास्त झाला तर धावपट्टी पुरत नाही. भोसरी-दिघीच्या डोक्यावरून लोहगावला उतरणारी विमानं आपण रोज बघतो. इतकी सरळ, इतकी शांत येतात की वाटतं ती रुळावरूनच चाललीत. ती शांतता शेकडो तासांच्या सरावातून येते. गेम खेळ, जरूर खेळ, त्यातून पायलट झालेली माणसंही असतील. पण खेळणं म्हणजे येणं नव्हे. माझ्या ऑफसेटसारखं होतं ते.

इथपर्यंत उत्तर सोपं आहे. हायजॅकरला विमान येत नाही, संपलं. पण मग 11 सप्टेंबर 2001 चं काय?

त्या दिवशी अमेरिकेत चार विमानं ताब्यात घेतली गेली आणि चारही ठिकाणी हायजॅकरांपैकी एक जण शिकलेला होता. मोहम्मद अट्टा आणि मरवान अल शेही फ्लोरिडातल्या व्हेनिस इथे शिकले. हानी हांजूरकडे 1999 पासून व्यावसायिक लायसन्स होतं. झियाद जर्राहकडे खासगी लायसन्स होतं. मोठ्या जेटच्या सिम्युलेटरवर त्यांनी पैसे भरून तास घेतले होते. तरीही ते चांगले पायलट होते असं म्हणता येत नाही. हांजूरच्या शिक्षकांना तो फारच कच्चा वाटायचा. म्हणून आजही इंटरनेटवर लोक विचारतात की इतक्या कच्च्या माणसाला एवढं मोठं विमान कसं चालवता आलं? यात नक्की काहीतरी लपवलंय.

लपवलेलं काही नाही. त्यांच्या वाट्याला आलेलं काम कुठलं होतं ते बघा. विमान आधीच हवेत होतं. इंजिनं चालू, उंची गाठलेली. सगळ्यात अवघड दोन गोष्टी, उडवणं आणि उतरवणं, त्यातली पहिली खऱ्या पायलटनी करून ठेवली होती आणि दुसरी त्यांना करायचीच नव्हती. आकाश निरभ्र. वळायचं, खाली यायचं, समोर दिसणाऱ्या मोठ्या इमारतीकडे न्यायचं. हे म्हणजे सेटरने लावून दिलेल्या मशीनचं बटण दाबणं. बांधायला कौशल्य लागतं, मोडायला फार कमी लागतं. हे ऐकायला कडू आहे, पण त्या दिवसाचं तांत्रिक उत्तर एवढंच आहे.

जाता जाता एक अफवाही दुरुस्त करतो, कारण ती मी स्वतः पसरवलीय. मुसावी नावाचा एक जण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत पकडला गेला होता. "मला उडवणं-उतरवणं नको, फक्त वळवायला शिकवा" असं तो म्हणाला, ही गोष्ट फार फिरते. अमेरिकेच्या चौकशी आयोगाने उलट नोंदवलंय. विमानाचं फारसं काही माहीत नसताना याला थेट 747 उडवायला आणि उतरवायला शिकायचं होतं, म्हणून शिकवणाऱ्यांना संशय आला.

त्या सकाळी जुना हिशोब मोडला. हायजॅकरला पायलट लागतो, म्हणून सहकार्य करा, हे शहाणपण काही तासांत निकामी झालं. चौथ्या विमानातल्या प्रवाशांना फोनवरून पहिल्या विमानांचं कळलं आणि त्यांनी हल्ला केला. ते विमान पेनसिल्व्हेनियात मोकळ्या जागी कोसळलं.

आणि मग जगभरच्या विमानांत एक वस्तू बदलली. कॉकपिटचं दार. मजबूत, आतून बंद होणारं. नियम असा की केबिनमध्ये काहीही होवो, कुणाच्याही गळ्याला चाकू लागो, पायलटने दार उघडायचं नाही.

हे वाचताना मी थांबलो. कारण हे मी कुठेतरी पाहिलं होतं. कराचीत! पायलट आणि बाकीचे सगळे यांच्यामध्ये भिंत घालायची, म्हणजे हायजॅकरच्या हाती विमान लागणार नाही. कराचीत ती भिंत छताच्या झडपेने घातली. आज तोच निर्णय दाराच्या रूपात प्रत्येक विमानात बसवलेला आहे. ज्याला मी "पळाले" म्हणालो, तो आता नियम आहे.

म्हणजे पायलट हिरो झाले का? थांबा. कराचीचा शेवट अजून सांगायचाय.

पायलट मिळेनात म्हणून हायजॅकर अडकले. विमान हलेना. राजेश कुमार नावाच्या भारतीय वंशाच्या अमेरिकी प्रवाशाला त्यांनी दारात गोळी घालून खाली टाकलं. पायलट पाठवा, नाहीतर आणखी मारू. त्यांनी पासपोर्ट गोळा करायला सांगितले, तेव्हा नीरजा आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी पासपोर्ट लपवले. पॅन ॲमचा कराचीतला मेकॅनिक, मेहरजी खरास, याला रेडिओवर बसवलं होतं. सोळा तास असे गेले. रात्री विमानाची वीज संपत आली, दिवे गेले आणि अंधारात त्यांनी गोळीबार सुरू केला, हातबाँब फेकले. वीसहून अधिक माणसं गेली, शंभरहून अधिक जखमी. खरास गेला. लोकांना दारातून बाहेर काढताना नीरजा गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. तिला अशोकचक्र मिळालं, ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

पायलटनी उतरून विमान वाचवलं, बरोबर. हवेत गेलं असतं तर कदाचित एकही वाचला नसता. काही फ्लाइट अटेंडंटनी स्वतःच नंतर सांगितलंय की पायलट गेल्याचं कळलं तेव्हा त्यांना हायसं वाटलं. पण त्या निर्णयाची किंमत आत राहिलेल्यांनी भरली. निर्णय बरोबर असणं आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मागच्या वेळी मी फक्त दुसरी सांगितली, कारण त्यात राग होता आणि राग ऐकला जातो.

आता तुझा दुसरा प्रश्न, सुपरवायझरचा. माझं उत्तर असं. तो बाहेर का गेला ते बघ. बाहेर जाऊन त्याने मेन स्विच पाडला, गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला, म्हणजे आगीच्या हातातून काहीतरी काढून घेतलं, तर तो पळाला असं म्हणू नकोस. नुसताच गेटवर जाऊन उभा राहिला असेल तर हवं ते म्हण. पण आणखी एक गोष्ट आजच विचार, आग लागायच्या आधी. वरचे बाहेर जातील तेव्हा आत कोण राहणार हे ठरलंय का? आणि राहणाऱ्याला कुणी काही शिकवलंय का? मॉक ड्रिल म्हणजे फोटो काढून सही करायची, हे आपल्याकडे किती ठिकाणी चालतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

वेसुवाला यांनी उघडी झडप पाहिली आणि नजर खाली घेतली. त्या क्षणी विमान कुणाच्या हातात होतं? पायलट केबलला लटकलेले, हायजॅकर गोंधळलेला. विमान तिच्या हातात होतं. उडवता तिलाही येत नव्हतं.

पुढच्या वेळी "पायलट पळाले" असं कुणी म्हणालं तर त्याला ही लिंक पाठवा. मला म्हणायची वेळ आली तर मलाही पाठवा.

भेटू पुढच्या भागात. रात्रपाळीवाल्यांनो, बसमध्ये झोप लागली तर स्टॉप चुकवू नका.